निकाल बदलतो तो नेमका कुठे? मतमोजणीच्या एका कागदाचा प्रवास

कोष्टकवाला (धागाकर्ता)

विकसनशील देशांतल्या लोकशाहीची चर्चा निघाली की गाडी राज्यघटना, लष्कर आणि अमेरिका या तीन फाट्यांवर अडकते. ते सगळं इतरत्र भरपूर झालंय. या धाग्यात फक्त एका कागदाबद्दल बोलू. मतदान केंद्रावर मोजणी संपली की केंद्राध्यक्ष निकाल ज्यावर लिहितो, तो कागद. केनियात त्याला 'फॉर्म ३४ ए' म्हणतात, घानात 'पिंक शीट', नायजेरियात 'ईसी ८ ए', झिम्बाब्वेत 'व्ही ११', व्हेनेझुएलात 'आक्ता'.

माझं म्हणणं असं: पेट्यांत खोटी मतं कोंबणं महाग पडतं. हजारो केंद्रं, प्रत्येक ठिकाणी चार-पाच माणसं सामील हवीत, आणि एखादा तरी बोलतोच. बेरीज बदलणं मात्र स्वस्त. एक खोली, दोन-तीन माणसं, एक रात्र. म्हणून केंद्र आणि राजधानी यांच्या मधल्या रस्त्यावर जिथे पहारा बसला, तिथेच सरकारं मतपेटीतून बदलू लागली.

पहारा म्हणजे पाच गोष्टी. मोजणी केंद्रावरच व्हावी. सर्व पक्षांच्या प्रतिनिधींच्या सह्या व्हाव्यात. प्रत्येक प्रतिनिधीला प्रत मिळावी. एक प्रत केंद्राच्या दारावर चिकटवावी. आणि प्रत्येक केंद्राचं पत्रक, म्हणजे आकडा नव्हे, पत्रकाचं चित्र, सर्वांना पाहता यावं.

केनियात २००२ पासून मोजणी केंद्रावर होऊ लागली आणि त्याच वर्षी 'कानू' हा स्वातंत्र्यापासून सत्तेत असलेला पक्ष हरला. २००७ मध्ये मोजणी केंद्रावरच झाली, पण पुढे मतदारसंघ ते नैरोबी या टप्प्यात आकडे बदलत गेले. निवडणूक आयोगाचे अध्यक्ष सॅम्युएल किवुइटू नंतर म्हणाले की निवडणूक कोण जिंकलं ते मला ठाऊक नाही. दंगलींत ११०० हून अधिक माणसं मेली. चौकशीला दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती योहान क्रिग्लर आले. त्यांचा निष्कर्ष: आकडे इतके नासलेत की खरा विजेता शोधणंच अशक्य.

---

शेंगदाणे

वाचतोय. पण सुरुवातच साक्षर देशातून केलीत. ज्यांना कागदच वाचता येत नाही तिथे काय?

---

पिंपळपान

@शेंगदाणे, गांबिया. तिथे १९६० च्या दशकापासून गोट्यांनी मतदान होतं. काचेच्या साध्या गोट्या. प्रत्येक उमेदवाराचा पत्र्याचा पिंप, त्याच्या रंगात रंगवलेला, वर फोटो. पिंपाला एक नळी. मतदाराला एकच गोटी मिळते, ती नळीत टाकायची. आत घंटी असते, ती एकदा 'टण्' वाजली की बाहेरच्या अधिकाऱ्याला कळतं मत पडलं. दोनदा वाजली तर घोटाळा. गोटी तळावर आपटून दुसरा आवाज होऊ नये म्हणून पिंपात वाळू किंवा भुसा घालतात. सायकलच्या घंटीने गोंधळ होतो म्हणून केंद्राजवळ सायकलींना बंदी.

मोजणीला लाकडी ताट असतं, २०० किंवा ५०० भोकांचं. गोट्या ओतायच्या, ताट भरलं की झालं. निरक्षर माणसालाही लांबून दिसतं की पिवळ्याची तीन ताटं भरली आणि हिरव्याची पाच.

आता कोष्टकवाल्यांच्या मुद्द्यावर. गोट्या तशाच होत्या, पण २०१६ पर्यंत पिंपं एका मध्यवर्ती जागी नेऊन मोजत. २०१६ मध्ये पहिल्यांदा जागेवर मोजणी झाली, आणि १९९४ च्या बंडापासून सत्तेत असलेले याह्या जामे हरले. २ डिसेंबरला त्यांनी फोन करून अदामा बॅरो यांचं अभिनंदन केलं. ५ तारखेला आयोगाने बेरजेतली चूक सुधारली, आघाडी सुमारे ५१ हजारांवरून १९ हजारांवर आली. विजेता तोच राहिला, पण जामेंना निमित्त मिळालं आणि ९ तारखेला ते फिरले. बॅरो यांचा शपथविधी १९ जानेवारी २०१७ ला शेजारच्या सेनेगलमध्ये, डाकारच्या गांबियन वकिलातीत करावा लागला. पश्चिम आफ्रिकी देशांचं सैन्य सरहद्दीवर आल्यावर जामे देश सोडून गेले.

म्हणजे चूक ताटात नव्हती, बेरजेत होती. मोजणी कितीही सुंदर करा.

---

जुना_खडू

अवांतर: आपल्याकडेही १९५१-५२ आणि १९५७ ला हीच कल्पना होती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह, मतपत्रिकेवर नाव नाहीच. लाखो पोलादी पेट्या लागल्या, त्यातल्या १२ लाखांवर गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यातून गेल्या. अडचण अशी की कोरी पत्रिका पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणता येते, आणि मग ती विकताही येते. १९६२ पासून एकच पेटी आणि नावं छापलेली पत्रिका, त्यावर शिक्का. गोटीबद्दल हीच शंका येते. मतदाराने गोटी टाकलीच नाही तर?

---

पिंपळपान

घंटी वाजली नाही की अधिकाऱ्याला कळतं. आवाजाची रचना त्यासाठीच आहे. नुसती गंमत नाही ती.

---

नदीकाठची

मलावीचा मुद्दा मांडते, कारण तिथे कागदाचा प्रश्न सर्वांत नागडा दिसला.

२१ मे २०१९ चं मतदान. सत्तेतले अध्यक्ष पीटर मुथारिका ३८.५७ टक्के, विरोधी उमेदवार लाझारस चकवेरा ३५.४१. आयोगाकडे १४७ तक्रारी पडून होत्या तरी निकाल जाहीर झाला. पत्रकांवर व्हाइटनर! तिथे 'टिपेक्स' या नावाने विकतात, म्हणून निवडणुकीचंच नाव 'टिपेक्स निवडणूक' पडलं.

आता केंद्राध्यक्ष व्हाइटनर का लावतो? सगळेच चोर नसतात. पहाटे सहापासून बसलेला शाळामास्तर रात्री अकराला कंदिलाच्या उजेडात ताळा जमवतो. ताळा असा: मिळालेल्या पत्रिका ८००, न वापरलेल्या २१२, खराब झाल्याने बदलून दिलेल्या ३. म्हणजे पेटीत ५८५ हव्यात. मोजल्या तर ५८३. दोन कमी. ते दोन शोधायला पुन्हा मोजणी हवी, पुन्हा दोन तास. त्यापेक्षा '२१२' वर पांढरं लावून '२१४' केलं की ताळा जमतो. प्रामाणिक आळसाची आणि चोरीची खूण कागदावर अगदी सारखीच दिसते, खरी अडचण ती आहे.

योग्य पद्धत साधी आहे. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी नवा आकडा, केंद्राध्यक्षाची आणि हजर प्रतिनिधींची छोटी सही. ताळा जमत नसेल तर 'दोन कमी' असं लिहून तसाच पाठवायचा. न जमलेला ताळा गुन्हा नाही, जमवलेला ताळा आहे. प्रशिक्षणात हे शेवटच्या पाच मिनिटांत सांगतात आणि तिथेच सगळं हुकतं.

३ फेब्रुवारी २०२० ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निवडणूक रद्द केली. न्यायाधीश लष्कराच्या बंदोबस्तात न्यायालयात आले. त्यांनी आणखी एक गोष्ट केली: घटनेतल्या 'बहुमत' शब्दाचा अर्थ निम्म्याहून जास्त असा लावला, त्यामुळे ३८ टक्क्यांवर अध्यक्ष होणं संपलं. २३ जून २०२० ला फेरमतदान, चकवेरा सुमारे ५९ टक्के. पुढे २०२५ मध्ये तेच चकवेरा हरले आणि मुथारिका परत आले. चकवेरांनी पराभव मान्य केला.

---

तिसरा_रकाना

नदीकाठची, ताळ्याबद्दल +१. पण पत्रकाची छपाई हाही दोषी असतो. घानात २०१२ च्या निवडणुकीनंतर विरोधी पक्ष पिंक शीटांचे गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला. एकूण केंद्रं २६,००२. नऊ न्यायाधीश, आठ महिने, सगळं टीव्हीवर थेट. त्या पत्रकात 'सी ३' नावाचा एक रकाना होता: बोटाच्या ठशाची पडताळणी न होता किती जणांनी मत दिलं. कित्येक केंद्राध्यक्षांनी तिथे आकडा भरला. याचिका म्हणाली, बघा, पडताळणीविना मतदान! आयोगाचे प्रमुख साक्षीत म्हणाले, तो रकाना भरायचाच नव्हता. रकाना जिथे असतो तिथे माणूस काहीतरी भरतोच, हा कारकुनी जगातला पहिला नियम, आणि तो विसरल्यामुळे एका देशाचा अध्यक्ष आठ महिने टांगणीला लागला. २९ ऑगस्ट २०१३ ला याचिका फेटाळली. हरलेल्या नाना अकुफो-आडो यांनी निकाल मान्य केला आणि २०१६ ला निवडूनही आले.

---

अर्धवटराव

हे सगळं ठीक, पण पत्रक कितीही नीट भरलं तरी सरकारने ऐकलंच नाही तर? व्हेनेझुएला, २८ जुलै २०२४. विरोधकांनी प्रत्येक यंत्रातून निघणाऱ्या आक्ता गोळा केल्या, त्यावरचे क्यूआर कोड वाचले, ८० टक्क्यांहून जास्त आक्ता संकेतस्थळावर टाकल्या. त्यानुसार विरोधी उमेदवार एदमुंदो गोन्सालेस यांना सुमारे ६७ टक्के. आयोग सत्तेतले अध्यक्ष मादुरो यांना ५१ टक्के देऊन मोकळा झाला आणि केंद्रनिहाय आकडे दिलेच नाहीत. जानेवारीत मादुरोंचा शपथविधी झाला. कोष्टकवाल्यांच्या पाचही अटींपैकी चार पूर्ण, निकाल शून्य. कागदाला एवढं डोक्यावर घेऊ नका.

---

कोष्टकवाला

@अर्धवटराव, मान्य. कागद सरकार पाडत नाही. पण तुमच्या उदाहरणातही कागदाने काय केलं ते पाहा. चोरी झाली की नाही हा वाद उरला नाही, फक्त ताकदीचा वाद उरला. २००७ च्या केनियात कोण जिंकलं हेच कुणाला सांगता येत नव्हतं, त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक मनापासून मानत होते की आपलाच विजय चोरला गेला. दंगलीला तेच इंधन होतं.

झिम्बाब्वेही असाच मधला. २००८ च्या सुरुवातीला, शेजारी देशांच्या मध्यस्थीनंतर, व्ही ११ केंद्राबाहेर लावायची तरतूद झाली. २९ मार्चच्या मतदानानंतर विरोधकांनी ती पत्रकं कॅमेऱ्यात टिपली. सरकारला निकाल महिनाभर दाबून ठेवावा लागला, २ मे ला जाहीर झाला: विरोधी नेते मॉर्गन चांगिराई ४७.९, सत्तेतले अध्यक्ष मुगाबे ४३.२. मुगाबेंना पुढे दाखवणं शक्य झालं नाही. दुसरी फेरी मात्र मारहाणीने मारली, चांगिराईंनी माघार घेतली. कागदाने जेवढं होतं तेवढं केलं.

---

पायथ्याशी_पायथागोरस

झिम्बाब्वेवरून समांतर मोजणीचा विषय काढतो. वर कुणी बोललं नाही म्हणून जरा लांबण लावतो.

सगळ्या केंद्रांची पत्रकं जमवायला प्रचंड माणसं लागतात. समांतर मोजणीत नमुना घेतात. कृती:

पहिलं, सर्व केंद्रांची पूर्ण यादी, मतदारसंख्येसह. ती निवडणूक आयोगाकडूनच हवी. यादी आठवडाभर आधी बदलली की नमुना बोंबलला, कारण निवडलेलं केंद्र जागेवर नसतंच.

दुसरं, यादी प्रांतांनुसार लावून प्रत्येक प्रांतातून त्याच्या मतदारसंख्येच्या प्रमाणात केंद्रं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची. मोठ्या देशात साधारण १००० ते १५०० केंद्रं पुरतात. देश दुप्पट मोठा म्हणून नमुना दुप्पट लागत नाही, हे लोकांच्या पचनी पडत नाही, पण भाताचं शितावरून पारखणं तेच आहे.

तिसरं, प्रत्येक केंद्रावर एक निरीक्षक, सकाळी उघडण्यापासून दारावर पत्रक लागेपर्यंत. त्याने जागा सोडायची नाही. निवडलेली केंद्रं गुप्त ठेवायची, नाहीतर तेवढीच केंद्रं स्वच्छ ठेवली जातात.

चौथं, दिवसभरात ठरलेल्या वेळी एसएमएस. केंद्राचा सांकेतिक क्रमांक आणि मग क्रमाने आकडे. उमेदवारांच्या मतांची बेरीज आणि एकूण वैध मतं दोन्ही पाठवायची, म्हणजे टंकनातली चूक संगणक लगेच पकडतो आणि परत फोन जातो.

चुकतं कुठे? निम्म्या वेळा दुर्गम केंद्रांचे आकडे उशिरा येतात. दुर्गम भाग एका पक्षाचा बालेकिल्ला असेल तर रात्री दहाचा अंदाज दुसऱ्याकडे झुकलेला दिसतो. म्हणून सर्व प्रांतांतून पुरेसे आकडे आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आणि निकाल अटीतटीचा असेल तर नमुना हतबल. झिम्बाब्वेच्या निरीक्षक जाळ्याचा २००८ चा अंदाज होता चांगिराई ४९.४ टक्के, चुकीची मर्यादा दोन-अडीच टक्के. जिंकायला हवे निम्म्याहून जास्त. म्हणजे पहिल्याच फेरीत जिंकले की नाही याचं उत्तर नमुना देऊच शकत नव्हता. मुगाबे मागे आहेत एवढं मात्र ठामपणे सांगता आलं.

या पद्धतीची मुळं फिलिपिन्समध्ये, फेब्रुवारी १९८६. 'नॅमफ्रेल' या नागरी संघटनेने सरकारी मोजणीला समांतर मोजणी चालवली. तिथे ९ फेब्रुवारीला सरकारी मोजणी केंद्रातले संगणक चालवणारे तीसेक कर्मचारी उठून बाहेर गेले, कारण फळ्यावरचे आकडे त्यांच्या यंत्रातल्या आकड्यांशी जुळेनात. सत्तेतले अध्यक्ष मार्कोस महिनाअखेर देश सोडून गेले.

---

शेंगदाणे

भाताचं शीत! बुकमार्क केलं.

---

तिसरा_रकाना

तंत्रज्ञान आलं की सगळं सुटेल म्हणणाऱ्यांसाठी नायजेरिया, २५ फेब्रुवारी २०२३. १,७६,८४६ केंद्रं. प्रत्येक केंद्रावर एक यंत्र: आधी बोटाचा ठसा किंवा चेहरा पडताळणार, नंतर त्याच यंत्राने ईसी ८ ए चा फोटो काढून सार्वजनिक संकेतस्थळावर टाकायचा. संसदेची पत्रकं चढत होती, अध्यक्षपदाची मात्र चढेनात! आयोगाने नंतरच्या अहवालात कारण दिलं: प्रणालीत प्रत्येक पत्रक एखाद्या राज्याशी जोडलेलं असावं लागे, अध्यक्षपदाचा मतदारसंघ म्हणजे अख्खा देश, तो कुठल्याच राज्यात बसेना. आधीच्या राज्यनिहाय पोटनिवडणुकांत ही चूक दिसणं शक्यच नव्हतं. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की संकेतस्थळ हे पाहण्यासाठी आहे, बेरीज कागदावरूनच होते, म्हणून निकाल कायम. कायद्याने बरोबर असेल, पण लोकांना वचन वेगळं दिलं होतं.

तात्पर्य नाही, फक्त तांत्रिक सूचना: सराव चाचणी नेहमी त्याच प्रकारच्या निवडणुकीची घ्या. भूतानने २००७ मध्ये तर पूर्ण लुटुपुटूची निवडणूक घेतली, पिवळा, लाल, निळा, हिरवा असे बनावट पक्ष उभे करून. लोकांनी पिवळ्याला दणकून निवडलं, कारण पिवळा राजाचा रंग. त्यातूनही शिकायला मिळालंच.

---

नदीकाठची

केनिया २०१७ अर्धवट राहिलाय, पुरा करते. ३४ ए केंद्राचं, ३४ बी मतदारसंघाचं, ३४ सी देशाचं. जून २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं की मतदारसंघात जाहीर झालेला आकडा अंतिम, नैरोबीला तो बदलता येणार नाही. २००७ चं भोक इथे बुजलं. मग ८ ऑगस्टला आयोगाने संकेतस्थळावर नुसते आकडे टाकले, पत्रकांची चित्रं नाहीत. सबब: अकरा हजारांवर केंद्रांना नेटवर्क नाही. सर्वोच्च न्यायालयाचं उत्तर थोडक्यात असं, की हे आधी ठाऊक होतं, तर यंत्र घेऊन नेटवर्क असलेल्या जागी जायचं होतं. तपासणीत काही ३४ बी वर जलचिन्ह आणि अनुक्रमांक नव्हते, आणि सर्व्हर दाखवा म्हटल्यावर आयोगाने पूर्ण दाखवले नाहीत. १ सप्टेंबरला चार विरुद्ध दोन मतांनी निवडणूक रद्द, सरन्यायाधीश डेव्हिड मरागा. आफ्रिकेत अध्यक्षपदाची निवडणूक न्यायालयाने रद्द करण्याची ही पहिलीच वेळ. फेरमतदानावर विरोधी नेते राइला ओडिंगांनी बहिष्कार टाकला, मतदान सुमारे ३९ टक्क्यांवर घसरलं.

२०२२ ला आयोगाने ४६,२२९ केंद्रांची ३४ ए सर्वांना उतरवून घेता येतील अशी ठेवली. विल्यम रूटो ५०.४९, ओडिंगा ४८.८५. सातपैकी चार आयुक्तांनी निकाल नाकारला, एक कारण असं की चौघा उमेदवारांच्या टक्क्यांची बेरीज १००.०१ होते आणि तो ०.०१ टक्का म्हणजे १ लाख ४२ हजार मतं! एकूण वैध मतं सुमारे १ कोटी ४२ लाख, त्याचा ०.०१ टक्का म्हणजे १४२० मतं, आणि तीही खरी नव्हेत, टक्के दोन दशांशांपर्यंत राउंड ऑफ केल्याचा परिणाम. मूळ पत्रकं सर्वांसमोर असल्यामुळे हा दावा फार टिकला नाही.

---

जुना_खडू

एक उलटा मुद्दा. केंद्रनिहाय निकाल दारावर लावला की त्या वस्तीने कुणाला मत दिलं तेही दारावर लागतं. मतपत्रिकांच्या काळात आपल्याकडे मोजण्याआधी अनेक केंद्रांच्या पत्रिका मिसळत, ते याचसाठी. यंत्रं आल्यावर प्रत्येक केंद्राचा आकडा उघड झाला. आपल्या गावातले पुढारी 'तुमच्या बूथवर आम्हाला किती पडली ते माहीत आहे' म्हणतात ते उगाच नाही. १४ केंद्रांची यंत्रं जोडून एकत्र बेरीज दाखवणारं टोटलायझर निवडणूक आयोगाने सुचवलं, २०१५ मध्ये विधी आयोगानेही शिफारस केली, सरकारने मानलं नाही. पारदर्शकता हवी की वस्तीची गुप्तता?

---

कोष्टकवाला

@जुना_खडू, दोन्ही पूर्ण मिळत नाहीत. निवडणूक आयोगावर भरवसा असलेल्या देशाला मिसळणं परवडतं. जिथे बेरीज करणाऱ्या खोलीवरच संशय आहे तिथे मिसळलं की तपासायचा धागाच तुटतो. मधला मार्ग म्हणजे केंद्र फार लहान ठेवायचं नाही. केनियात एका केंद्राला जास्तीत जास्त ७०० मतदार. ७०० मध्ये एक माणूस लपतो, ७० मध्ये लपत नाही. वस्ती मात्र दोन्हीकडे उघडी पडते, हे कबूल.

---

शेंगदाणे

शेवटचा बाळबोध प्रश्न. दारावरचं पत्रक रात्री कुणी फाडून नेलं तर?

---

नदीकाठची

म्हणून तर प्रतिनिधीची स्वतःची प्रत. त्याने करायचं ते एवढंच. सहीआधी अंकातला आणि अक्षरातला आकडा जुळतो का पाहणं, कारण ७४ चे १७४ व्हायला पेनाची एक उभी रेघ पुरते, 'चौऱ्याहत्तर' चं 'एकशे चौऱ्याहत्तर' करायला जागाच नसते. कार्बन प्रत शेवटपर्यंत उमटली का पाहणं. खालच्या प्रतीवर आकडे फिकट असतील तर तिथल्या तिथे पेनाने गिरवायचे नाहीत, नवी प्रत मागायची. फोटो पूर्ण पत्रकाचा, चारही कोपरे आणि अनुक्रमांक दिसेल असा, वर बोटाची सावली नको. पटत नसेल तर सही नाकारून निघून जाण्यापेक्षा हरकत पत्रकावरच लिहून प्रत घेणं. रिकाम्या हाताने बाहेर पडलेल्या प्रतिनिधीची हरकत न्यायालयात उभी राहत नाही. आणि पक्षाने त्याला रात्रीचं जेवण, टॉर्च आणि परतीचं भाडं आधीच द्यावं. बरेच प्रतिनिधी मोजणी संपायच्या आत जातात ते धमकीने नव्हे, शेवटची गाडी चुकेल म्हणून.